राजापेठेतला समुद्र आणि मंगेशचा अंगठा

माझा दवाखाना समुद्रकिनाऱ्यापासून चालत पाच मिनिटांवर होता. हे मी म्हणत नाही, माझी वेबसाइट म्हणायची. प्रत्यक्षात दवाखाना अमरावतीत, राजापेठेत. खाली शिकवणीचे वर्ग, शेजारी टायरचं दुकान आणि जिन्यासमोर एकात एक अडकवून ठेवलेल्या पन्नासेक दुचाक्या. पुण्याच्या ज्या कंपनीने वेबसाइट करून दिली, तिने मुंबईतल्या कुठल्याशा दवाखान्याचा मजकूर जसाच्या तसा उचलून फक्त नाव बदललं होतं. मी तो वाचलाच नव्हता. त्यामुळे आठ महिने राजापेठेत समुद्र होता.

लक्षात आलं ते शबानाच्या. शबाना म्हणजे माझी स्वागतिका, फोन घेणारी, टाके काढताना रडणाऱ्या पोरांना गप्प करणारी आणि माझ्यावर ओरडायचा हक्क असलेली एकमेव बाई. एका सकाळी ती आत आली आणि म्हणाली, "मॅडम, वो समुद्रवाला फिर फोन किया. म्हनते, भरतीच्या टायमाले गाडी कुठं लावाची?" मला काही कळेना. तिने तिच्या मोबाइलवर पान उघडून माझ्या नाकासमोर धरलं. समुद्र होता, वाहनतळ होता, शिवाय 'आमची टीम' म्हणून सहा गोरेपान डॉक्टर हाताची घडी घालून हसत उभे होते. माझी टीम म्हणजे मी, शबाना आणि ड्रेसिंगला मदत करणारे वामनराव. आम्हा तिघांपैकी एकाचाही फोटो त्यात नव्हता.

मी अठ्ठावीस वर्षं प्लास्टिक सर्जरी केली. अमरावतीत, आणि दर गुरुवारी अकोल्याला एका मैत्रिणीच्या रुग्णालयात. 'प्लास्टिक' या शब्दाने माझा जेवढा छळ केला तेवढा कुणीच केला नाही. लग्नात, बसमध्ये, बँकेत, कुठेही ओळख झाली की प्रश्न ठरलेला: म्हणजे तुम्ही प्लास्टिक बसवता का? नाही हो. प्लास्टिक म्हणजे इथे आकार देणं. मांडीची कातडी काढून भाजलेल्या मानेवर लावायची, फाटलेल्या ओठाचे दोन काठ जुळवायचे, जखडलेली बोटं सोडवायची. माझ्या शंभरातले नव्वद पेशंट हे असले. नाक, पोट, केस यांसाठी येणारे थोडे. पण जगाच्या आणि वेबसाइटच्या मते माझा धंदा तेवढाच.

डॉक्टरने जाहिरात करू नये असं आम्हाला शिकवलं होतं. मग वेबसाइट आल्या आणि सगळे म्हणू लागले, ही जाहिरात नाही, माहिती आहे. माझ्या ओळखीच्या प्रत्येकाने ही माहिती लावली. मी इतरांच्या वेबसाइट पाहून चिडायचे. सगळीकडे त्याच दोन परदेशी बाया. एक गालाला हात लावून बसलेली, दुसरी पांढरा टॉवेल गुंडाळलेली. सगळीकडे 'नवा आत्मविश्वास', 'वेदनारहित', 'डाग कायमचा नाहीसा'. आता हे शेवटचं तर मला वाचवतच नाही. डाग जात नाही! सुरी लागली की डाग राहणार. आम्ही तो लहान करतो, कपाळाच्या आठीत किंवा कानामागे लपवतो, त्याची दिशा बदलतो. मी प्रत्येक पेशंटला हे शस्त्रक्रियेआधी दोनदा सांगायचे. आणि माझ्या स्वतःच्या वेबसाइटवर काय होतं? डाग कायमचा नाहीसा.

अकोल्याला एकदा एक शिक्षिका आल्या. पर्समधून रंगीत छापलेला कागद काढला. गालाला हात लावलेली तीच परदेशी बाई.

"हे नाक तुम्हीच केलं ना? मले अस्संच पाह्यजे."

"बाई, या बाईला मी जन्मात पाहिलेलं नाही."

"मंग तुमच्या वेबसाइटवर काहून हाय ते?"

त्यांनी कागद नीट घडी करून परत पर्समध्ये ठेवला आणि उठून गेल्या. जाताना दार जरा जोरातच लागलं. त्यांची चूक काढायला मला जागा नव्हती.

या सगळ्या पानांमध्ये एक पान मात्र माझं होतं. मी स्वतः बसून लिहिलेलं. 'हात आणि बोटांच्या दुखापती'. त्या काळात वऱ्हाडातल्या शेतीबद्दल पेपरात रोज काही ना काही छापून यायचं. माझ्यापर्यंत ती शेती आपल्या वाटेने यायची. कापूस परवडेना म्हणून सोयाबीन आलं, सोयाबीनबरोबर मळणीयंत्रं आली. मजूर मिळेना म्हणून घरोघर मोटरवर चालणारी कडबा कापायची कुट्टी मशीन आली. आणि यंत्रांबरोबर हात यायला लागले. मळणीयंत्रातला हात चेंदून येतो, तिथे फारसं काही करता येत नाही. पण कुट्टीचं पातं स्वच्छ कापतं. असं कापलेलं बोट वेळेत आणि नीट गार ठेवून आणलं, तर सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या शिरा जोडून ते पुन्हा जिवंत करता येतं. ते काम मला येत होतं. त्यासाठी मी दोन वर्षं घरापासून लांब राहून शिकले होते, आणि आमच्या भागात ते करणारे फार लोक नव्हते.

अडचण बोट आणायच्या पद्धतीची. लोक काय काय करायचे! दुधात बुडवून आणायचे. हळद थापून आणायचे. आणि सगळ्यात जास्त म्हणजे गोळेवाल्याकडून बर्फ घेऊन बोट सरळ त्यात खुपसायचे. बर्फ अंगाला लागला की बोट गोठून मरतं. मग ते जोडून उपयोग नसतो. हे सगळं मी त्या पानावर लिहिलं होतं, एका कापलेल्या आणि जोडलेल्या बोटाच्या फोटोंसह.

एका गुरुवारी अकोल्यात ओपीडी चालू असताना पुण्याहून अमेयचा फोन आला. अमेय म्हणजे वेबसाइट सांभाळणारा. अतिशय सभ्य मुलगा. मी कितीही आवाज चढवला तरी त्याचा आवाज तेवढाच राहायचा, आणि त्यामुळे माझा आणखी चढायचा.

"मॅडम, ते हाताचं पान आहे ना, ते युजरला घाबरवतंय. रक्त दिसलं की लोक लगेच बाहेर पडतात. त्या जागी आपण पोटाची चरबी टाकूया का?"

समोर एक भाजलेलं लेकरू किंचाळत होतं. बाहेर वीसेक माणसं बसली होती.

"टाक," मी म्हणाले. "काढून टाक ते."

मी म्हणाले. अमेयने माझ्या नकळत काही केलं नाही. हे इथे लिहून ठेवते, कारण पुढे मी त्याच्यावर खूप ओरडले.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी मंगेश आला, आईला घेऊन. वरूडकडच्या एका खेड्यातला, तिशी ओलांडलेला, उंच, लाजरा. घरची संत्र्याची बाग. पाणी खोल गेलं आणि निम्मी झाडं वाळली, असं आईनेच बसल्या बसल्या सांगितलं. उरलेल्या झाडांची संत्री पिशवीभर आणली होती. ती शबानाच्या टेबलावर ठेवून मंगेश आत आला आणि जमिनीकडे पाहत म्हणाला, "मॅडम, हे नाक जरा बारीक करून द्या."

आईने सविस्तर सांगितलं. "सात जागी पोरगी पाह्याले गेलो, बाई. सातही जागून नाई म्हतलं. आखरीच्या जागी मंधातल्या मानसानं सांगतलं, पोट्टा चांगला हाय, पन नाक भल्लं मोठं हाय म्हने."

मी नाक तपासलं. बाहेरून, आतून, दिवा लावून. सरळ, मोकळं, त्या रुंद चेहऱ्याला शोभणारं नाक. मी तसं सांगितलं.

"पन तुमच्या नेटवर तं लिवलं हाय," मंगेशने मोबाइल पुढे केला. "नाक बदला, आयुष्य बदला."

खरंच लिहिलं होतं. परदेशी बाईच्या खाली, जांभळ्या अक्षरात.

माझी सहनशक्ती मुळात कमी. मी सरळ विचारलं, "मंगेश, मुली तुझ्या नाकाला नाही म्हणतात, की शेतीला?"

आई दुसरीकडे बघायला लागली. मंगेश म्हणाला, "ते तं मलेही समजते, मॅडम. शिपायाले पोरगी भेटते, वावरवाल्याले नाई भेटत. पन वावर तं बदलवता येत नाई. नाक येते ना?"

अशी मुलं त्या वर्षांत माझ्याकडे बरीच आली. कुणाला केस हवे असत, कुणाला रंग उजळून हवा असे. धडधाकट, कष्टाळू मुलं, आणि सगळ्यांना वाटायचं की आपल्या चेहऱ्यात काहीतरी खोट आहे. मी त्यांना परत पाठवायचे आणि मनातल्या मनात मुलींच्या बापांवर, वेबसाइटवर आणि सरकारवर चिडायचे. मंगेशलाही मी म्हटलं, तुझ्या नाकाला काही करायची गरज नाही, घरी जा.

तो उठला, दारापर्यंत गेला आणि वळला. "मंग येक करा, मॅडम. नाक बराबर हाय म्हनून तेवढं चिठ्ठीवर लिहून द्या. डाक्टरनं लिहून देल्लं तं लोक मानतीन."

"असली सर्टिफिकेटं मी देत नाही," मी म्हणाले. "पुढच्या पेशंटला पाठव."

तो मान हलवून गेला. संध्याकाळी शबाना संत्रं सोलत म्हणाली, "दोन ओळी लिहून देल्या असत्या तं काय बिघडलं असतं, मॅडम?" मी तिला म्हटलं, तू तुझं काम कर.

तीन महिने गेले. एक दिवस शबाना आत आली आणि दारातच थांबली. "वो नाकवाला आया है, मॅडम. पन आज नाकासाठी नाई."

मंगेशच्या उजव्या हाताला पट्टी होती. मी ती सोडली. अंगठा नव्हता. मुळापासून गेलेला, वर नीट शिवलेलं थोटूक. कुट्टी मशीन. बैलांसाठी कडबा घालताना पेंढी अडकली, याने हाताने ढकलली.

"कधी झालं?"

"तीन आठोडे झाले."

"अंगठा कुठे गेला? आणला होता का कुठे?"

"आनला ना. बर्फात घालून नेला नागपूरले." गावातल्या थंड पेयांच्या दुकानातून बर्फ घेतला होता, संत्र्याच्या पेटीत भरला होता आणि अंगठा त्यावर ठेवला होता. पहिल्या दवाखान्यात हे काम होत नव्हतं. दुसऱ्या दवाखान्यात पोचले तोपर्यंत सात तास झाले होते आणि अंगठा पांढरा दगड झाला होता. तिथल्या डॉक्टरांनी जखम शिवली. तेवढंच त्यांच्या हातात होतं.

मग मात्र माझा स्फोट झाला. "अरे, नागपूरला कशाला गेलास? तुझ्या गावाहून अमरावती तेवढंच आहे! मी इथे बसले आहे ना! मी हेच काम करते! तू माझ्यासमोर अर्धा तास बसून गेलास, मला ओळखत होतास, आणि नागपूरला?"

आई रडायला लागली. "मी म्हतलं होतं, बाई. गाडीत बसल्या बसल्या म्हतलं होतं, थ्या मॅडमकडे चाल."

मंगेश खाली मान घालून म्हणाला, "आई म्हने म्हनून म्या गाडीत नेट उघडून पायलं. नाक होतं, केस होते, पोट होतं. हाताचं काईच नोतं. म्या म्हतलं, थ्या तं नाकाच्या डाक्टर हायत, तिथं जाऊन उगाच टाइम जाईन. गाडी नागपूरले वळवली."

कापलेल्या हाताला फडकं गुंडाळून, डाव्या हाताने, हलत्या गाडीत त्याने माझं पान शोधलं होतं. आणि ते पान मी काढून टाकलं होतं, कारण रक्त पाहून लोक घाबरतात. आजही हे लिहिताना मला स्वतःची लाज वाटते.

मंगेशला बाहेर बसवून मी अमेयला फोन लावला आणि जे बोलायचं ते सगळं बोलले. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "परत टाकतो मॅडम, सर्जरीच्या यादीत सगळ्यात खाली जागा आहे."

"खाली नाही. पहिलं पान. वेबसाइट उघडली की तेच दिसलं पाहिजे. आणि त्या दोन्ही बायांना हाकल. त्या समुद्रालाही."

समुद्र तोपर्यंत गेला होता, पण माझा राग जुना होता. मजकूर शबानाने सांगितला आणि मी लिहिला. मी लिहिलेलं तिला पुस्तकी वाटलं म्हणून. तो असा होता:

"बोट तुटलं काय? घाबरू नका. तुटलेलं बोट फेकू नका. स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळा. फडकं प्लास्टिकच्या पन्नीत टाका अन् पन्नीचं तोंड बांधा. मंग थे पन्नी बर्फाच्या पान्यात ठेवा. बोटाले बर्फ लागू देऊ नका. दुधात टाकू नका. हयद लावू नका. हात कपड्यानं दाबून वर धरा. पयले फोन करा अन् लगेच निघा."

अमेयचा पुन्हा फोन. "मॅडम, भाषा जरा ग्रामीण वाटतेय. प्रमाण मराठीत करून घेऊ का?"

"अमेय," मी म्हणाले, "बोट तुटलेला माणूस प्रमाण मराठीत ओरडत नाही." तेव्हा कुठे त्याने ते आहे तसं लावलं.

मंगेशचा अंगठा परत येणार नव्हता. पण उजव्या हाताला अंगठा नसलेला माणूस विळा धरू शकत नाही, शर्टाची बटणं लावू शकत नाही, चहाची कपबशी उचलू शकत नाही. उपाय एकच होता: पायाचं दुसरं बोट काढून अंगठ्याच्या जागी बसवायचं, हाड, शिरा, नसा सगळं जोडून. ऐकून त्याची आई घाबरली. "पायाचं बोट हाताले? लोक हासतीन ना, बाई." मंगेशला वेगळीच काळजी. "चप्पल घालता येईन ना, मॅडम?"

येईल, म्हटलं. नागपूरहून माझा एक जुना सहकारी मदतीला आला. सकाळी आठला सुरू केलं. केसाहून बारीक दोरा, सूक्ष्मदर्शकाला लागलेले डोळे आणि आखडलेली मान. शेवटचा टाका घालून रक्तवाहिनीवरचा चिमटा सोडला आणि आम्ही दोघं त्या बोटाकडे बघत राहिलो. मिनिटभर ते फिकटच होतं. मग टोकाकडून गुलाबी व्हायला लागलं. वामनराव म्हणाले, "आलं, आलं!" मी शहाण्यासारखं काही बोलायच्या ऐवजी रडले. तेव्हा बाहेर अजून ऊन होतं.

बोट हलायला महिने लागले. मंगेश दर पंधरवड्याला यायचा, शबानाच्या टेबलावर बसून रबराचा चेंडू दाबायचा आणि तिला बागेच्या गोष्टी सांगायचा. त्याच काळात रिद्धपूरकडून एक शेतकरी बायकोला घेऊन आला. त्याने फोन करून यायची वेळ सांगितली होती. पोरीच्या शाळेच्या डब्यात बर्फाचं पाणी, त्यात पन्नी, पन्नीत फडकं आणि फडक्यात तिची तर्जनी. सगळं बरोबर. त्याने पान पुतण्याकडून वाचून घेतलं होतं. ती तर्जनी जोडली गेली. मी वामनरावांना म्हटलं, हा डबा विसळून द्या, पोरीला उद्या शाळा असेल.

सहा महिन्यांनी मंगेश शेवटच्या तपासणीला आला, आईसह. चहा आला. त्याने उजव्या हाताने कप उचलला, नव्या अंगठ्याने धरून, आणि एक थेंबही सांडला नाही. अमेयला हा फोटो हवा होता, आधीचा आणि नंतरचा, आणि या वेळी मलाही हवा होता. मी मंगेशला विचारलं. समजावून सांगितलं की फक्त हात दिसेल. चेहरा आलाच तर डोळ्यांवर काळी पट्टी टाकू, कुणी ओळखणार नाही.

"पट्टी काहून?" तो म्हणाला. "तोंड दाखवा ना मॅडम. नाव टाका, गावही टाका. पोरीवाले नेट पाह्यतेत."

मी म्हटलं, तसं करता येत नाही. पेशंटची ओळख उघड करायची नाही, हा आमच्या कामातला नियम आहे, आणि तो मी मोडणार नाही. त्याचा चेहरा उतरला. मग काहीतरी आठवून तो आईकडे बघून हसला.

"मंग थे तरी लिहून द्या. तवाचं."

मला काय ते लगेच कळलं. या वेळी मी वाद घातला नाही. दवाखान्याच्या नावाचा कागद ओढला आणि पेन उघडलं. तारीख घातली, त्याचं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली लिहिलं: मी यांचे नाक तपासले आहे. नाक उत्तम आहे. त्याला काहीही करण्याची गरज नाही. जरा थांबून आणखी एक ओळ घातली: हातही उत्तम आहे, शेतीच्या सर्व कामास योग्य. आणि सही केली.

मंगेशने कागद अंगठा आणि बोटामध्ये धरला आणि ओठ हलवत सावकाश वाचला. आईलाही वाचून दाखवला.

"बायोडाट्याले जोडतो," तो म्हणाला. मग सहीखाली बोट ठेवून विचारलं, "मॅडम, शिक्का?"

मी खण उघडायला वळले. शबाना शाई लावलेला शिक्का हातात घेऊन आधीच दारात उभी होती.